न बसणारे सर

सरांच्या खोलीत खुर्ची नव्हती. एक होती, ती त्यांनी परीक्षा विभागाला देऊन टाकली. पाहुण्यांसाठीचं बाकडं त्यांनी बाहेर व्हरांड्यात काढलं आणि तेही उलटं करून ठेवलं, पाय वर. कुणी चुकूनसुद्धा बसायला नको. टेबल मात्र राहिलं. ते कशासाठी ठेवलं होतं देव जाणे, कारण सही करायची वेळ आली की सर टेबलाकडे जात नसत. समोरच्या पोराला म्हणत, "पाठ दे." पोरगं वळायचं, सर त्याच्या पाठीवर अर्ज ठेवायचे आणि उभ्या उभ्या सही ठोकून पुढे निघायचे. उन्हाळ्यात शर्ट घामानं भिजलेला असला तर अर्जावर डाग पडायचा. ऑफिसमधले बाबू कुरकुरायचे. सर म्हणायचे, "पोरानं चालत येऊन दिलाय. कोरडा कुठून येईल?"

ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्याशिवाय ज्यांच्याकडे फीचे पैसे नसत अशा सगळ्या मुलांचं काम त्यांच्या गळ्यात होतं: शिष्यवृत्ती, फीमाफी, 'कमवा आणि शिका' योजना, झालंच तर सरकारची कर्जाऊ शिष्यवृत्ती. हे काम बाकी कुणालाच नको होतं. त्यात मान नव्हता, खेटे भरपूर होते, आणि सर तर खेटे घालायलाच जन्माला आलेले. तहसील, समाजकल्याण, बँक, पुन्हा तहसील. गुलमंडीच्या बाजारातून जाताना आम्ही त्यांना हाक मारली तर ते थांबत नसत, हात वर करून चालता चालता म्हणत, "साथ चल, बोल."

सगळं कॉलेज त्यांना चक्कर सर म्हणायचं. त्यातला दुसरा अर्थ त्यांनाही कळायचा. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

शिकवतानाही तेच. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग मधल्या वाटेनं मागं, मग दारातून बाहेर, आणि आवाज व्हरांड्यातून यायचा. पानाच्या शिरा आम्ही निम्म्या दारातून आणि निम्म्या खिडकीतून शिकलो. प्राचार्यांच्या बैठकीत ते टेबलाभोवती फिरायचे. प्राचार्य एकदा कळवळून म्हणाले होते म्हणे, "सर, तुम्ही बसत का नाही ते विचारत नाही, पण निदान एकाच बाजूला फिरा हो. माझी मान गेली."

का बसत नाहीत, यावर आमच्यात पैजा लागायच्या. कुणी म्हणे मूळव्याध आहे. कुणी म्हणे नवस आहे. वसतिगृहातली एक मुलगी छातीठोकपणे सांगायची की त्यांच्या पायात लहानपणी काही तरी गेलंय आणि बसलं की ते वर चढतं. आम्ही विज्ञान शाखेच्या मुली होतो, तरी ते सगळ्यांना पटलं होतं.

शिष्यवृत्ती हा शब्द ते सहसा वापरायचे नाहीत. निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे ते 'वजीफा' म्हणायचे. अर्जाला 'दरखास'. "दरखास टाकली का? टाकली तर फौरन विसरून जा. वाट बघायची नाही. वाट बघणारा माणूस सडतो." हे ते प्रत्येकाला सांगायचे आणि मग स्वतःच त्याच्या दरखास्तीमागे शहरभर पळायचे.

मी त्यांच्याकडे आले ती अशीच, पैशांपायी. आमचं घर मेंढरांमागं चालणारं. आबा आणि आई वर्षातले कितीतरी महिने रानोरान. कुणाच्या मोकळ्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, तिथंच पालं ठोकायची, तिथला चारा संपला की पुढं. मला मात्र मामानं फुलंब्रीला ठेवून घेतलं, म्हणून शाळा झाली. मॅट्रिकला मार्क बरे पडले आणि मामाच्याच हट्टानं औरंगाबादला कॉलेजात आले. शहराचं नाव आता बदललंय, पण त्या दिवसांबद्दल बोलताना माझ्या तोंडी जुनंच येतं. तेव्हा वाळूजला कारखाने नव्हते, ज्वारी होती.

शिष्यवृत्ती मंजूर होती. पण ती यायची कधी? वर्ष सरता सरता, कधी तर पुढच्या वर्षी. वसतिगृहाच्या मेसला हे कळत नाही. मेस चालवणाऱ्या मावशी चांगल्या होत्या, पण त्यांनाही किराणावाला होताच. म्हणून मी 'कमवा आणि शिका'मध्ये नाव घातलं. सकाळी तास सुरू व्हायच्या आधी कॉलेजच्या बागेत पाणी घालायचं, खुरपायचं, रोपांच्या पिशव्या भरायच्या. तासावर मजुरी. सर त्याला मदत म्हणू द्यायचे नाहीत. "मदत नाही, पगार. पगार म्हण. मोठ्यानं म्हण."

हिवाळ्यात बागेतलं काम आटायचं. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून सुचवलं, सर, काम नाही तर नुसती हजेरी लावा, कोण बघतंय? सर चालता चालता इतके गर्रकन वळले की मागचा मुलगा त्यांच्यावर आदळला.

"काम न करता पैसे? अरे, मग ती खैरात झाली! उचला. कुंड्या उचला सगळ्या."

"कुठं ठेवायच्या, सर?"

"पलीकडे. इमारतीच्या मागं."

पुढच्या आठवड्यात त्याच कुंड्या मागून पुढं. महिनाभर कॉलेजच्या कुंड्या अशा प्रवासाला निघालेल्या. शेवटी प्राचार्य व्हरांड्यात आले.

"हे काय चाललंय?"

"ऊन देतोय कुंड्यांना," सर म्हणाले.

"आणि मागच्या आठवड्यात काय होतं?"

"तेव्हा सावली देत होतो."

प्राचार्य आत निघून गेले. आमचे तास भरले, मजुरी मिळाली आणि दोन गुलाब तेवढे मेले.

त्यांचं सगळंच मला आवडायचं असं नाही. मीही काही गरीब गाय नव्हते. सरांचा मोठा दोष हा, की ते पुरतं ऐकून घ्यायचे नाहीत. तुमचं वाक्य अर्ध्यावर असायचं तेव्हा सर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले, आणि तिथून त्यांनी उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करून त्यावर उपायही सुरू केलेला. एका मुलाला वडील नाहीत असं ठरवून त्यांनी त्याचा अर्ज तसा भरला. वडील होते, बाहेर सायकल धरून उभे होते. लाजऱ्या मुलांना तर त्यांची धास्तीच वाटायची. धावत धावत भलं करणाऱ्या माणसापुढे बोलायचं तरी कधी?

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर माझं गाडं अडलं. मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून आली नव्हती, कुंड्या वाहून मेस भागत नव्हती. मावशींनी एक दिवस ताट वाढलं आणि डोळे चुकवून म्हणाल्या, "बाई, पुढल्या महिन्याचं काई तरी बघ." त्याच आठवड्यात मामाचा निरोप आला. आबांकडं तुझ्यासाठी एक स्थळ आलंय, पुढच्याच वाड्यावरचा मुलगा, मेंढरं भरपूर. आबा म्हणतायत, पैसं पुरंना तर पोरीला घरी आणा.

मी सरांना गाठलं आणि त्यांच्याबरोबर पळत पळत सगळं सांगितलं. त्यांनी निम्मं ऐकलं.

"कर्जाऊ वजीफा. सरकार पैसे देतं, नोकरी लागल्यावर फेडायचे. शिक्षक झालीस तर थोडे थोडे माफ पण होतात. पालकाची सही लागते. वडील सही करतात?"

"अंगठा."

"चालतो. आणि एक जामीन. तो बघू. दरखास शनिवारपर्यंत द्यायची. वडील कुठं आहेत?"

"फुलंब्रीच्या पलीकडं, रानात."

"चल."

मला वाटलं उद्या. सर फाटकाबाहेर पोचले होते.

एसटी निम्मी रिकामी. सर दांडा धरून उभे. हर्सूल गेलं तरी उभेच. कंडक्टर म्हणाला, "सर, जागा लई हाये, बसा की."

"तू बस."

"म्या डूटीवर हाये."

"मी पण."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं. मी खिडकीबाहेर बघितलं. काय सांगणार?

फुलंब्रीला उतरून आम्ही रानाच्या वाटेला लागलो. बाजरी निघालेली, शेतं मोकळी पडलेली. आबा माळाच्या उतारावर मेंढरांमागं होते. सरांना मी लांबून दाखवलं आणि सर जवळजवळ पळतच सुटले. आबांनी रामराम घेतला, पण ते थांबले नाहीत, कारण मेंढरं थांबत नाहीत. सरांचा चेहरा काय फुलला! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा माणूस भेटला होता जो बोलण्यासाठी बसा म्हणत नव्हता. दोघं चालायला लागले, मी मागं.

आबांनाही ते आवडलेले मला पाठीवरून कळत होतं. सर एकेक झुडूप ओळखून त्याची शास्त्रीय नावं सांगत होते, आबा त्याच झुडपानं मेंढरांना काय होतं ते सांगत होते. "मास्तर चालतोय बरा," आबा मागं वळून मला म्हणाले. मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलं, झालं काम.

मग सरांनी मुद्द्याला हात घातला. आणि माझ्या मेल्या नशिबानं त्यांनी ठरवलं, की धनगर माणूस आहे, त्याला त्याच्या भाषेत सांगू.

"दादा, सोपं सांगतो. सरकार पोरीला उचल देतं. शिकली, नोकरीला लागली, की फेडते. बस, इतकंच."

आबा थांबले. मेंढरं पुढं चाललेली आणि आबा उभे, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"उचल?" आबा म्हणाले.

"हां, उचलच समजा." सर चालत चालत पुढं गेले होते, ते तिथूनच म्हणाले.

"कुणाच्या नावावर?"

"पोरीच्या. आणखी कुणाच्या?"

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "जावा मास्तर. गाडी गावंल अजून." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू हितंच ऱ्हा."

उचल काय असते ते सरांना पुस्तकातलं ठाऊक असेल, आम्हाला घरातलं ठाऊक होतं. ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादम हंगामाआधी जी रक्कम देतो ती उचल. घेतली की तो माणूस, त्याची बायको, सगळी त्या मुकादमाची, फिटेपर्यंत. माझ्या चुलत्यानं एका दुष्काळात मेंढरं विकून उचल घेतली होती. हंगामाच्या मध्यावर तो अंथरुणाला खिळला. मुकादमानं त्याच्या मुलीला घरकामाला ठेवून घेतलं, उचल फिटेपर्यंत म्हणून. ती माझ्याच वयाची. शेण, भांडी, पाणी. पुढच्या हंगामातही उचल फिटली नाही, कशी फिटणार? शेवटी आबांनी आमची काही मेंढरं देऊन तिला सोडवून आणलं. त्यानंतर ती कुणाशी मोठ्यानं बोलली नाही. आजही बोलत नाही. आमच्या घरात तो शब्दसुद्धा कुणी काढायचं नाही, आणि सरांनी नेमका तोच उचलला होता.

मी भडकले. "सर, मराठीत दुसरा शब्द नव्हता का हो? निम्मं ऐकायचं आणि पुढं पळायचं! आता झालं माझं कॉलेज!" डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला आणखीच सहन होईना. मी त्यांना सगळं सांगितलं, चुलत्याचं, बहिणीचं. सर माझ्याभोवती गोल फिरत होते. पण त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि ऐकता ऐकता ते वर्तुळ लहान लहान होत गेलं. संपलं तसे ते वळले. आबांच्या मागं निघाले.

उतरत्या दुपारपर्यंत ते दोघं चालत होते. सर बोलत होते: कर्ज कागदावर असतं, माणसावर नसतं, कायदा आहे, कोर्ट आहे, पोरीला कुणी हात लावू शकत नाही. आबा मेंढरांना हाकारे घालत होते. सरांचं एक पायताण तुटलं, ते त्यांनी हातात घेतलं. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

मेंढरं पालांकडं वळली. आईनं चुलीवर चहा ठेवला होता. आबांनी एक लंगडं कोकरू उचलून आत सोडलं आणि सरांकडं तोंड केलं.

"पोरीनं फेडलं नाय, तर कुणाला ठिवून घेत्यात?"

सर 'कुणालाच नाही' म्हणणार होते, मला दिसलं. पण कुणालाच नाही असं जगात असतं, हे आबांना पटणार नव्हतं. आणि त्या दिवशी सर शिकले होते. ते म्हणाले, "मला."

"तुमाला?"

"जामीन मी आहे. ती चुकली तर मला धरतील."

आबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. एका पायात पायताण, एक हातात, आणि तशातही ते या पायावरून त्या पायावर झुलत होते.

"तुमाला ठिवून काय करत्याल? तुमी तर घडीभर एका जागी ऱ्हात नाय."

आई फिस्सकन हसली. चहा उतू गेला. सरही हसले. पण आबा हसत नव्हते. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, झटकलं, नीट पसरलं.

"बसा. मग सांगा."

आमच्यात शब्द द्यायचा तो घोंगड्यावर बसून. सोयरीक तशीच ठरते, भांडणं तशीच मिटतात. उभ्यानं बोललेलं कुणी धरत नाही. हे मला माहीत होतं आणि सरांचंही मला माहीत होतं.

सर घोंगड्याभोवती एकदा फिरले. "दादा, मी उभ्यानं सांगतो. कसम घेऊन सांगतो."

"उभ्याचा शबुद वाऱ्यावर जातो."

"मला बसायला सांगू नका. दुसरं काही पण सांगा."

"कामून?"

मग सरांनी ते सांगितलं. आम्ही कॉलेजात इतक्या पैजा लावल्या, आणि ते आबांनी एका शब्दात काढून घेतलं. सर अठरा-एकोणीस वर्षांचे असताना त्यांना हैदराबादला शिकायला जायचं होतं. वजीफ्यासाठी एका जहागीरदाराची शिफारस हवी होती. त्याच्या कारभाऱ्यानं सांगितलं, "बैठो." ते ओट्यावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा "बैठो." असं करत मुदत टळली. मग पोलिस ॲक्शन झालं, निजाम गेला. सर पुन्हा त्याच दारात गेले, आता तिथं नवं ऑफिस होतं, नव्या टोप्या होत्या. त्यांना वाटलं, आपलं राज्य आलं. आतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "बसा." ओटा तोच होता. ते त्याही वर्षी बसून राहिले. दुपारी पाणी प्यायलाही उठायचे नाहीत, तेवढ्यात पुकारा झाला तर? कुणी पुकारलंच नाही. एक दिवस ते जे उठले ते उठलेच. पुढं शिकवण्या करून, मोलमजुरी करून शिकले, पण ती दोन वर्षं गेली ती गेली.

"तेव्हापासून, दादा, बसलो की छातीत धडधडतं. वाटतं, हे लोक विसरले मला."

मी त्यांना असं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आई चुलीपाशी हात बांधून उभी राहिलेली.

आबांनी घोंगड्याची एक घडी पायानं सारखी केली. "त्यांनी तुमाला बसवलं आन् इसरले," ते म्हणाले. "म्या इसरणार नाय. बसा."

सर बसले. आधी उकिडवे, मग एक पाय मोडला, मग दुसरा. गुडघ्यांवर हात ठेवून ते पहिलीतल्या मुलासारखे ताठ बसले. कपाळ घामानं डबडबलं होतं. आबा समोर बसले.

"पोरगी तुमची," सर म्हणाले, "जिम्मा माझा. हिचं कर्ज फिटेपर्यंत मी बांधलेला."

"दिला शबुद?"

"दिला."

"मंग आना कागूद."

सरांनी खिशातून अर्ज आणि शाईची डबी काढली, आणि सवयीनं म्हणाले, "पाठ दे."

मी वळले. कागद पाठीला लागला. आबांचा अंगठा त्यावर टेकला आणि तसाच दाबून राहिला, ठसा उमटायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. समोर मेंढरं होती, मला ती नीट दिसत नव्हती. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

अंगठा उचलला तसे सर उठले, चहा घटाघटा प्यायले आणि तुटक्या पायताणानिशी गाडी गाठायला निघाले. मी त्यांच्या मागं पळाले. आबांनी मला थांबवलं नाही.

शनिवारी अर्ज गेला. पैसे आले, आणि आश्चर्य म्हणजे मेस बंद व्हायच्या आत आले. मागची शिष्यवृत्ती मी बी.एस्सी. झाल्यावर आली. पुढं बी.एड. केलं, एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. शिक्षकांना सूट होती तेवढी मिळाली, उरलेलं पगारातून कटत गेलं. सरांना नोकरीचं सांगायला गेले तेव्हा ते कुठल्याशा मुलाचा दाखला घेऊन जिन्यावरून उतरत होते. "अच्छा, अच्छा, फौरन रुजू हो," म्हणाले आणि गेले. जामिनाचं त्यांच्या डोक्यात तरी असेल का, मला शंका होती.

आबांच्या डोक्यात मात्र होतं. मी फुलंब्रीला गेले की ते विचारायचे, "मास्तर बसल्यालेच हायेत का अजून?"

मी हसून म्हणायची, "बसलेत, आबा."

"लई दिस झाले. पाय आखडले असतील."

मला ती त्यांची थट्टा वाटायची. माझी मुलगी शाळेत जायला लागली, आबांनी मेंढरं विकली आणि मामाशेजारी दोन खोल्या बांधल्या, तरी हा प्रश्न चुकायचा नाही. मग एकदा शेवटचा हप्ता गेला. मी पेढे घेऊन गेले. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी सांगितलं, कर्ज फिटलं. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मग म्हणाले, "कुनाला ठिवून घेतलं नाय."

"नाही, आबा."

"मंग जा. आधी मास्तरकडं जा. त्यांला म्हनावं, आता उठा."

तेव्हा मला कळलं की त्यात थट्टा कधीच नव्हती. आबांच्या लेखी सर इतकी वर्षं त्या घोंगड्यावर बसलेले होते.

मी तशीच परत निघाले आणि एसटीतून उतरून थेट सरांचं घर गाठलं. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "आलीस बरं झालं. काही तरी सांग यांना. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत."

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. सरांना खुर्चीत बघून मला दारातच थांबावंसं वाटलं. काही महिन्यांपूर्वी चालता चालता कुणाचा तरी अर्ज वाचत होते, रस्त्यातल्या खड्ड्यात पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणत होते, चाला. आणि सर उठत नव्हते. जन्मभर ज्यांना बसा म्हणायची सोय नव्हती, त्यांना आता घरातली सगळी माणसं उठा म्हणून विनवत होती.

"एकदा बसलो ना," सर मला म्हणाले, "आता काय. पाय भरवशाचा राहिला नाही." आवाज तोच घोंगड्यावरचा, हळू. खोलीत घड्याळ चालू होतं आणि मला तिथं क्षणभर उभं राहवेना. मी खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"फिरू नकोस अशी," सर चिडून म्हणाले. "मान दुखते."

"सर, माझं कर्ज फिटलं."

"कुठलं कर्ज?"

"कर्जाऊ वजीफा. तुम्ही जामीन होतात. आबांनी निरोप दिलाय."

त्यांनी वर बघितलं. "काय म्हणाले?"

"म्हणाले, आता उठा म्हणावं."

खुर्चीच्या हातावरचं त्यांचं बोट तेवढं हलत होतं. मग त्यांनी विचारलं, "लक्षात होतं त्यांच्या?"

"दर खेपेला विचारायचे. मास्तर बसलेच आहेत का, म्हणून."

"दर खेपेला?"

"दर खेपेला, सर."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. पत्नी दारात येऊन उभ्या होत्या. सरांनी पायांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पाठ दे," ते म्हणाले.

मी वळले आणि खुर्चीला पाठ करून उभी राहिले. आधी एक हात पाठीवर आला, मग दुसरा, मग सगळा भार. उभं राहायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी जागची हलले नाही.